दाभोळ प्रकरण: विजेची हमी होती, गिऱ्हाइकाची नव्हती

एन्रॉन, म्हणजे दाभोळचं वीज केंद्र बांधायला आलेली अमेरिकन कंपनी, म्हटलं की आपल्याकडे आधी राजकारण आठवतं. प्रचारसभांमधली प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा, सत्ता येताच रद्द झालेला करार आणि काही महिन्यांतच त्याच कंपनीशी झालेला नवा, आधीपेक्षा मोठा करार. पैसे कोणी खाल्ले, किती खाल्ले यावर तेव्हा जेवढी शाई वाहिली, तिच्या दशांशानेही ती वीज विकत घेणाऱ्या राज्याच्या वीज मंडळाच्या जमाखर्चावर वाहिली नाही. माझं मत स्पष्ट सांगतो. या व्यवहारात एक पैसाही खाल्ला गेला नाही असं उद्या सिद्ध झालं, तरी प्रकल्प बुडालाच असता. वीस वर्षं वीज विकत घेण्याची हमी मंडळाने दिली होती, पण ती वीज पुढे रोखीने विकत घेणारं गिऱ्हाईक मंडळाकडे बांधलेलं नव्हतं. पैसे देणारी गिऱ्हाइकं मोजकी होती, बहुतेक मोठे कारखाने, आणि ती एकेक करून बाहेरची वाट शोधत होती.

करार

१९९१ मध्ये परकीय गंगाजळी आटली होती. राज्यांच्या वीज मंडळांकडे नवी केंद्रं उभारायला पैसा नव्हता. केंद्र सरकारने वीजनिर्मिती खाजगी कंपन्यांना खुली केली आणि अटीही घसघशीत ठेवल्या: संयंत्र ६८.५ टक्के भारांकाने, म्हणजे क्षमतेच्या तेवढ्याच वापराने, चाललं तरी मालकाच्या भागभांडवलावर १६ टक्के परतावा, त्यापुढे प्रोत्साहन वेगळं. १९९२ च्या उन्हाळ्यात एन्रॉनची मंडळी भारतात आली आणि २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाबरोबर त्यांचा सामंजस्य करार झालासुद्धा. स्पर्धात्मक निविदा काढलीच नव्हती. ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. नाव दाभोळचं असलं तरी जागा वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरची.

मूळ करार २०१५ मेगावॉटचा होता. पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा, द्रवरूप तेल-इंधनावर चालणारा. दुसरा टप्पा आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर.

विजेचा दर दोन भागांत होता. पहिला स्थिर आकार: केंद्र चालू स्थितीत उपलब्ध आहे एवढ्यासाठीच द्यायचे पैसे, वीज उचला वा न उचला. दुसरा इंधनाचा खर्च, जेवढी वीज उचलली तेवढाच. खाणावळीचा महिना भरला की जेवा नाहीतर उपाशी राहा, पैसे गेलेच. त्यातलाच हा प्रकार. ही पद्धत मुळात वाईट नाही. सरकारी एनटीपीसीसुद्धा अशीच वीज विकते. खोट होती ती जोखमीच्या वाटणीत. स्थिर आकाराचा मोठा भाग डॉलरमध्ये होता, म्हणजे रुपया घसरला तर भुर्दंड मंडळाला. इंधन महागलं तरी मंडळालाच. मागणी कमी पडली तरीही मंडळालाच. कंपनीकडे उरली ती केंद्र वेळेत बांधायची आणि चालू ठेवायची जबाबदारी. त्यावर राज्य सरकारची हमी, मंडळाच्या वसुलीवर एस्क्रो खात्याचा (आधी कंपनीचं देणं फेडण्यासाठी राखून ठेवलेल्या खात्याचा) पहिला हक्क आणि पहिल्या टप्प्यासाठी केंद्र सरकारची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र देईल. ही प्रतिहमी सप्टेंबर १९९४ मध्ये दिली गेली.

जागतिक बँकेने १९९३ च्या एप्रिलमध्येच या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. कारण राजकीय नव्हतं. एवढी महाग वीज चोवीस तास घ्यायची तर मंडळाला स्वतःची कोळशावरची स्वस्त केंद्रं मंदावावी लागतील, असा बँकेचा हिशेब होता. चंद्रपूरची वीज थांबवायची आणि अंजनवेलची घ्यायची, याला व्यवहार म्हणत नाहीत. बँकेच्या सल्ल्यांबद्दल माझं एरवी फारसं चांगलं मत नाही, पण इथे तिचं गणित अचूक होतं, आणि ते सात वर्षं आधी मांडलेलं होतं.

१९९५ च्या मार्चमध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीच्या अहवालावरून ३ ऑगस्टला करार रद्द झाला. कंपनी लंडनला लवादात गेली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या सुरुवातीला नवा करार ठरला. जाहीर झालं की दर प्रतियुनिट २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आला. हा आकडा मथळ्यांसाठी उत्तम होता. पण एलएनजीचं पुन्हा वायूत रूपांतर करणारी यंत्रणा प्रकल्पाच्या भांडवली खर्चातून बाजूला काढली होती, तिचं भाडं इंधनाच्या रकान्यात जाणार होतं. शिवाय इंधनाचा आणि डॉलरचा भाव त्या दिवशीचाच राहील असं गृहीत धरलेलं. खरी मेख वेगळीच होती. आधीच्या करारात दुसरा टप्पा ऐच्छिक होता. नव्या करारात तो बंधनकारक झाला आणि एकूण क्षमता गेली २१८४ मेगावॉटवर. पहिला टप्पा ७४०, दुसरा १४४४. मोलभाव करायला बसलेल्यांनी दरात घासाघीस केली आणि माल दुप्पट-तिप्पट उचलायचं कबूल करून आले. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने जाता जाता प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं.

मंडळाचा खिसा

मंडळाचा महसूल यायचा कुठून, हे पाहिल्याशिवाय दाभोळ कळत नाही.

शेतीपंपांना वीज अश्वशक्तीवर मिळत असे. पंप किती एचपीचा, त्यावर वर्षाची ठरावीक रक्कम; मीटर नाही. घरगुती ग्राहकांचे खालचे टप्पेही पुरवठ्याच्या खर्चाखाली. ही तूट भरून काढायचे ते उच्चदाब औद्योगिक ग्राहक, म्हणजे मंडळाच्या बोलीत 'एचटी'. त्यांचा दर पुरवठ्याच्या खर्चापेक्षा बराच वर, वर मागणी आकार, वर वीज शुल्क. युनिटांच्या विक्रीत त्यांचा जो वाटा, त्याहून कितीतरी मोठा वाटा वसुलीत. शिवाय ही वसुली पक्की. एचटी ग्राहकाने बिल थकवलं तर जोडणी तोडायला कोणी आमदार आडवा येत नाही.

आता याच ग्राहकाच्या बाजूने बघा. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी इंडक्शन भट्टी घ्या. भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट पाडायचे, पुढे रोलिंग मिलमध्ये सळया. एक टन वितळवायला ढोबळमानाने सहाशे-सातशे युनिट लागतात. दर युनिटमागे एक रुपया जास्त म्हणजे टनामागे सहाशे-सातशे रुपये जास्त, आणि सळईच्या धंद्यात नफा-तोटा एवढ्यावरच ठरतो. फेरोमँगनीजच्या भट्टीला टनाला तीन हजार युनिटांच्या आसपास लागतात. अॅल्युमिनियमला चौदा-पंधरा हजार. या कारखान्यांना वीज दिवाबत्तीच्या खर्चातली बाब नसते, ती कच्चा माल असते. म्हणून तर हिंदाल्कोने १९६७ मध्येच रेणुसागरला स्वतःचं वीज केंद्र उभारलं. नाल्को सरकारी असूनही तिने अंगुलला स्वतःचं केंद्र बांधलं. सरकारी कंपनीचाही सरकारी वीज मंडळावर भरवसा नव्हता, याहून बोलकं काय हवं?

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याखाली स्वतःची वीज तयार करायला मंडळाची संमती लागे. मंडळ ती सुखासुखी देत नसे. तरी वाटा होत्या. फर्नेस ऑइलवरचे जनरेटर होते, साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती होती. वाढीव क्षमता दुसऱ्या राज्यात टाकायचीही सोय होती; सिल्वासासारख्या ठिकाणी स्वस्त वीज आणि करसवलत एकत्र मिळायची, तिथे महाराष्ट्रातल्या कारखानदारांची रीघ लागली होती. ९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उद्योगांत मंदी आली ती वेगळीच. म्हणजे दर वाढवला की एचटी ग्राहक कमी होणार, ग्राहक कमी झाला की उरलेल्यांवर दर आणखी वाढवावा लागणार. या चक्रात सापडलेल्या संस्थेने २१८४ मेगावॉट महाग विजेची हमी दिली होती.

याहून वाईट गोष्ट बाहेर यायची होती. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. मंडळाला पहिल्यांदाच आपले आकडे जनसुनावणीत मांडावे लागले. वर्षानुवर्षं मंडळ आपली वितरण गळती १७-१८ टक्के सांगत आलं होतं, देशातल्या इतर मंडळांपेक्षा चांगली म्हणून कौतुकही झालं होतं. सुनावणीत ती ३० टक्क्यांच्या वर निघाली. मधली सगळी वीज 'शेतीपंपांचा वापर' या सदरात दडवलेली होती. पंपाला मीटर नाही, त्यामुळे चोरीची, जुनाट तारांमधून उडालेली, बिलच न झालेली वीज शेतकऱ्याच्या नावावर टाकायला काहीच अडचण नव्हती. शेतकरी फुकट वीज खातो असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने हे आकडे आयोगापुढे ज्या चिकाटीने उलगडले, तसं काम दाभोळच्या बाजूने किंवा विरोधात बोलणाऱ्या कुठल्याही पक्षाने केलं नाही.

हे आकडे १९९३ मध्येच उघड असते तर प्रश्नच वेगळा विचारला गेला असता. तीसपैकी दहा टक्के गळती थांबवली असती, तरी दाभोळच्या पहिल्या टप्प्याइतकी क्षमता एकही चिमणी न बांधता मोकळी झाली असती. पण गळती थांबवायला फीडरवर, म्हणजे भागाभागाला वीज नेणाऱ्या मुख्य वाहिनीवर, मीटर लावावे लागतात, लाइनमनपासून मंत्र्यापर्यंत अनेकांशी वैर घ्यावं लागतं, आणि त्याचं उद्घाटन होत नाही.

१९९९ ते २००१

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास कोयनेचा चौथा टप्पा, १००० मेगावॉटचा, चालू होत होता. लेक टॅपिंगने धरणाच्या जलाशयाला तळातून भोक पाडून पाणी घेतलेला हा प्रकल्प पूर्णपणे सरकारी, आणि संध्याकाळच्या कमाल मागणीसाठी नेमका हवा तसा. म्हणजे ज्या तासांना दाभोळच्या महाग विजेची खरोखर गरज पडली असती, ते तास कोयनेने घेतले. दिवसाचे बाकीचे तास कोळशाकडे. अंजनवेलला उरलं काय?

कागदावरचा एक हिशेब करू. ७४० मेगावॉटचं केंद्र ९० टक्के भाराने महिनाभर चाललं तर साधारण ४८ ते ४९ कोटी युनिट मिळतात. महिन्याचा स्थिर आकार समजण्यासाठी १०० कोटी रुपये धरा. युनिटमागे दोन रुपये पडले. आता मंडळाने पूर्ण क्षमतेच्या एक तृतीयांशच वीज उचलली, म्हणजे १८ कोटी युनिट. तोच स्थिर आकार युनिटमागे साडेपाच रुपयांवर गेला. त्यावर नाफ्त्याचा, म्हणजे केंद्र ज्यावर चालत होतं त्या तेल-इंधनाचा, खर्च. २००० साली काही महिन्यांत दाभोळची वीज सात रुपयांच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या, त्या अशा. कंपनी म्हणे, तुम्ही वीज उचलत नाही म्हणून महाग पडते. मंडळ म्हणे, महाग आहे म्हणून उचलत नाही. दोघंही खरं बोलत होते.

दरम्यान कच्च्या तेलाचा भाव १९९८ च्या अखेरीला पिंपाला १०-११ डॉलरवर होता, तो २००० मध्ये तिशीच्या पुढे गेला. करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांचा होता, आता ४६-४७ चा. करारातली प्रत्येक जोखीम एकाच वेळी पिकली, आणि प्रत्येकीची धनी मंडळच.

आणि नियामक आयोगाने मेरिट ऑर्डर सांगितली: आधी स्वस्त वीज घ्या, मग महाग. ग्राहकाच्या दृष्टीने यापेक्षा शहाणपणाचं काही नाही. पण करार म्हणतो घ्या अथवा पैसे द्या. आयोगाचा आदेश आणि करार या दोन दगडांवर एकेक पाय ठेवून मंडळ उभं होतं. २००० च्या अखेरीपासून बिलं थकायला लागली. महिन्याचं बिल शंभर कोटींहून जास्त. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने आधी राज्याच्या हमीकडे, मग थेट केंद्राच्या प्रतिहमीकडे बोट दाखवलं.

मग २८ जानेवारी २००१ ची घटना. करारात एक तांत्रिक अट होती: केंद्र पूर्ण थंड असताना मंडळाने मागणी नोंदवली तर तीन तासांत ते पूर्ण भारावर आलं पाहिजे. भार नियंत्रण केंद्राने त्या दिवशी पूर्ण क्षमतेची मागणी नोंदवली. वीज केंद्राला ते तीन तासांत साधलं नाही. एखाद्या अभियंत्याला विचाराल तर तो खांदे उडवील. बराच काळ कमी भारावर किंवा बंद असलेलं संयंत्र अडखळतंच. पण मंडळाच्या वकिलांच्या हाती घबाड लागलं. मंडळाने म्हटलं, तुम्ही जाहीर केलेली उपलब्धता खोटी होती, आणि त्या एका दिवसासाठी ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला. आधीची थकबाकी त्यात वळती करून घ्या, असंही कळवलं.

गंमत अशी की हा दंड त्याच कराराच्या कलमांतून निघाला होता. सह्या करताना मंडळाने जे कलम कदाचित सवयीने घातलं असेल, तेच सात वर्षांनी त्याचं एकमेव हत्यार ठरलं. दाभोळवर लिहिणारे बरेच जण या दंडाला बहाणा म्हणतात. बहाणा तो होताच. पण करार कसा लिहावा हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी हा दिवस नीट अभ्यासावा.

माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला. एका पक्षाच्या नव्हे, सलग आलेल्या सगळ्या सरकारांच्या कारभाराचं अपयश म्हणजे हा प्रकल्प, असा त्याचा सूर होता. डॉलरशी बांधलेला दर सोडवा, एलएनजीची यंत्रणा वेगळी काढा, एस्क्रो रद्द करा अशा शिफारशी होत्या. वाटाघाटी फळाला आल्या नाहीत. २३ मे २००१ रोजी मंडळाने करार मोडला, महिनाअखेरीला केंद्र बंद पडलं. दुसऱ्या टप्प्याचं काम जवळजवळ पूर्ण झालेलं, जूनमध्ये तेही थांबलं. २ डिसेंबरला अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय या भारतीय संस्थांची हजारो कोटींची कर्जं गंजत्या नळ्यांमध्ये अडकून पडली.

ज्यांच्या जमिनीवर आणि खाडीवर हे सगळं उभं राहिलं, त्यांचा उल्लेख इथवर आला नाही, कारण प्रकल्पाच्या जमाखर्चातही तो कुठे नव्हता. १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळणींना पहाटे घरातून उचलून नेलं गेलं. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात पोलिसांच्या वागण्याबरोबर कंपनीलाही त्यात भागीदार धरलं. दोन वर्षांनी ज्या मंडळाने पैशासाठी करार मोडला, त्याच मंडळाच्या करारासाठी या बायकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या.

खाजगीकरणाची चुकलेली बाजू

महाराष्ट्राला खाजगी वीज नवी नव्हती. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, ते मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. तिथे गिऱ्हाईक आधीपासून ठरलेलं होतं: वाफेवर चालणाऱ्या, धुराने कावलेल्या, वीज स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्या गिरण्या. निर्माता आणि मोठा उद्योग यांच्यात तिसरा कोणी नव्हता. दाभोळमध्ये मधोमध एक वीज मंडळ होतं, आणि दोन्ही बाजूंचं ओझं त्याच्यावर.

१९९१ च्या धोरणाने खाजगीकरण सुरू केलं ते निर्मितीच्या टोकाकडून. ते सोपं होतं: एक कंपनी, एक जागा, एक करार. पैसा गळत होता दुसऱ्या टोकाला, वितरणात. भिवंडीने ते पुढे दाखवून दिलं. यंत्रमागांचं हे गाव थकबाकी आणि गळतीसाठी बदनाम. २६ जानेवारी २००७ पासून तिथलं वितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरेंट पॉवरकडे गेलं. तारा आणि परवाना महावितरणचाच राहिला, पण वीज मोजणं, बिल देणं आणि वसूल करणं कंपनीकडे. काही वर्षांत गळती लक्षणीय घटली. ग्राहकांच्या तक्रारी, मीटर जलद पळतात म्हणून निघालेले मोर्चे, हेही त्याच्याच जोडीला. वितरण खाजगी केलं की सगळं सुरळीत, असं मात्र कोणी समजू नये. ओडिशाने १९९९ मध्ये वितरण विकलं आणि मध्य ओडिशाचं काम घेतलेली अमेरिकन एईएस कंपनी २००१ मध्येच हात झटकून निघून गेली. एक मात्र दिसतं: जिथे मीटर वाचला जातो तिथे निदान भांडण खऱ्या आकड्यांवर होतं.

२००३ च्या वीज कायद्याने कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीच्या, वीजनिर्मितीला परवानगीची अट काढून टाकली आणि मोठ्या ग्राहकाला मुक्त प्रवेशाने, म्हणजे ओपन अॅक्सेसने, कुठूनही वीज घ्यायची वाट दिली. जाताना क्रॉस सबसिडीचा, म्हणजे इतरांच्या स्वस्त विजेची तूट भरून काढण्याचा, अधिभार भरायचा, एवढंच. जे एचटी ग्राहक दाभोळच्या काळात आडवाटेने निघून जात होते, ते आता राजमार्गाने जाऊ लागले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अस्तित्वात आल्या.

आणि नेमक्या याच वर्षांत महाराष्ट्रात विजेचा खडखडाट झाला. चार हजार मेगावॉटच्या वर तुटवडा, खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन. अंजनवेलला दोन हजार मेगावॉट बंद पडलेले. दाभोळच्या समर्थकांनी तेव्हा 'बघा, आम्ही सांगत होतो' असं म्हटलं. मला ते पटत नाही. १९९३ चा मागणीचा अंदाज पूर्ण चूक नव्हता, विजेची गरज होतीच. पण भारनियमनाने होरपळणारं गाव सात रुपयांची वीज विकत घेणारं गिऱ्हाईक नव्हतं, आणि घेऊ शकणारा कारखाना तेवढ्या दराला थांबला नसता. गरज आणि मागणी यांतला हा फरक करारात कुठेच नव्हता.

सरकारी हातात गेल्यावर

जुलै २००५ मध्ये एनटीपीसी, सरकारी वायू कंपनी गेल आणि भारतीय वित्तसंस्थांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्याशी तडजोड झाली. २००६ मध्ये केंद्र पुन्हा धुगधुगलं, पुढे वायूवर आलं, १९६७ मेगावॉटची क्षमता ठरली. एप्रिल २००७ च्या करारानुसार जवळपास सगळी वीज महावितरणची. डॉलरचा दर गेला, एन्रॉन गेली, मालकी सरकारी झाली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला देशी वायू २००९ पासून मिळू लागला तेव्हा तर दाभोळ आता मार्गी लागलं असंच वाटलं.

तो वायू आटला. २०११ पासून पुरवठा घसरत गेला आणि २०१३ मध्ये केंद्र पुन्हा थंड पडलं. त्याआधी कंपनीने महावितरणला कळवलं होतं, देशी वायू नाही तर आयात केलेल्या वायूवर आम्ही उपलब्ध आहोत. महावितरण म्हणालं, इतक्या महाग इंधनाला आमची संमती नाही, वीज नको, आणि संमतीच नाही म्हटल्यावर स्थिर आकारही नाही. कंपनीचं उत्तर: वीज घ्या न घ्या, उपलब्धता जाहीर केली आहे, स्थिर आकार द्यावा लागेल. २०१५ च्या अखेरीला केंद्राचा एक भाग रेल्वेला वीज देण्यासाठी सुरू झाला. रेल्वे हे मोजून घेणारं, मोजून पैसे देणारं मोठं गिऱ्हाईक, आणि निदान तेवढ्यापुरतं गिऱ्हाईक आधी बघून मग टर्बाइन फिरवलं गेलं.

स्थिर आकाराचा वाद मात्र चालूच राहिला. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने २०१३ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, २०१५ मध्ये अपिलीय लवादाने तो कायम केला. महावितरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने अपील फेटाळलं: करारात जे लिहिलं आहे ते लिहिलं आहे, न उचललेल्या विजेचा स्थिर आकार महावितरणला द्यावाच लागेल. ती रक्कम आता दर ठरवण्याच्या प्रस्तावांतून महावितरणच्या ग्राहकांपर्यंत येणार. ओपन अॅक्सेसने बाहेर पडलेले किंवा छतावर सौर पॅनेल टाकून मोकळे झालेले कारखाने त्यातला किती वाटा उचलतील, आणि अधिभारातून त्यांच्याकडून किती वसूल करता येईल, यावर नियामक आयोगापुढे दर सुनावणीत उद्योग संघटना आणि महावितरण समोरासमोर उभे असतात.